टाळ ऐकू येत नाहीत? घरच्या स्पीकरचा दबलेला आवाज कसा तपासायचा

आमच्या घरी उजव्या स्पीकरचा ट्विटर, म्हणजे बॉक्समधला वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर, नेमका कधीपासून बंद होता, हे मला आजही सांगता येणार नाही. दिवाळीत बहीण आली, माझ्या नेहमीच्या जागेऐवजी सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि अभंग सुरू झाल्यावर म्हणाली, "दादा, इथून टाळ का ऐकू येत नाहीत रे?" मी उठून तिच्या जागी जाऊन बसलो. पखवाज होता, गाणाऱ्याचा गळा होता, पण टाळांच्या जागी नुसती खसखस. रोज तोच आवाज कानावर पडत असल्यामुळे मला तो तसाच असतो असं वाटत होतं.

स्पीकर फाटला तर तो खरखरतो, बंद पडला तर त्याच क्षणी कळतं. दबलेला आवाज मात्र हळूहळू अंगवळणी पडतो. आणि जेव्हा लक्षात येतो तेव्हा बहुतेक जण सरळ "सिस्टीम जुनी झाली, नवीन घेऊ" म्हणून मोकळे होतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की तसं करू नका. दोष पुष्कळदा एखाद्या बटणात, सैल पडलेल्या वायरमध्ये किंवा स्पीकर ठेवण्याच्या जागेत असतो, आणि तो शोधायला स्क्रूड्रायव्हर, एक पेन्सिल सेल आणि जुनं वर्तमानपत्र पुरतं. पथ्य एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लगेच ऐकायचं. चार गोष्टी एकदम हलवल्या तर आवाज सुधारूनसुद्धा तो कशाने सुधारला ते कळत नाही.

दबलेला म्हणजे नेमका कसा?

माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं) आवाज ऐकू येतात. गाण्याचे मूळ सूर यातल्या खालच्या भागात असतात, बरेचसे १,००० हर्ट्झच्याही खाली. वरच्या भागात असते ती चमक: टाळांची किणकिण, तबल्याच्या किनारीवरचा 'ना', 'स', 'श', 'च' या अक्षरांची धार. घरच्या साध्या दुपदरी बॉक्समध्ये मोठा वूफर अंदाजे दोन-तीन हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज सांभाळतो आणि त्यावरचा भाग छोट्या ट्विटरकडे जातो. म्हणून ट्विटर पूर्ण बंद असला तरी गाणं चालू राहतं, शब्द बहुतेक कळतात, फक्त कोणी गोधडीखालून गातंय असं वाटतं.

दोन तक्रारी यात नेहमी मिसळतात, त्या आधीच वेगळ्या काढू. आवाज घुमतो, एका शब्दात दुसरा मिसळतो, पण चमक आहे, तर दोष बहुधा खोलीचा. आवाज पातळ, पोकळ वाटतो आणि गाणारा मधोमध न बसता खोलीभर पसरल्यासारखा वाटतो, तर एका स्पीकरची प्लस-मायनस वायर उलटी असण्याची शक्यता मोठी. तसं असेल तर एकाच स्पीकरच्या मागची लाल-काळी वायर अदलाबदल करून पाहा; ज्या जोडणीत खर्ज भरीव येतो ती बरोबर. खरा दबलेला आवाज या दोन्हींपेक्षा वेगळा. त्यात खर्ज ठीक असतो, वरचं आकाश तेवढं गायब असतं.

पहिलं काम: ऐकण्यासाठी एकच गाणं ठरवा

ओळखीचं, चांगलं ध्वनिमुद्रण असलेलं एक गाणं निवडा आणि शेवटपर्यंत तेच वापरा. माझी पसंती टाळांच्या साथीच्या अभंगाला. दुसरी उत्तम कसोटी म्हणजे ख्यालाच्या सुरुवातीचा नुसता तंबोरा. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सरकवलेला दोरा नेमक्या जागी आला की जवारी खुलते आणि तार झंकारायला लागते. तो झंकार म्हणजे मूळ सुरावर चढत गेलेल्या वरच्या सुरांची रांग. स्पीकरमधून नुसतं 'डूं… डूं' ऐकू आलं आणि तारेचा झंकार आलाच नाही, तर वरचा भाग कुठेतरी अडतोय हे नक्की.

आता तेच गाणं त्याच फोनवर वायरच्या इअरफोनने ऐका. इअरफोनमध्येही दबलेलं असेल तर स्पीकरला हात लावायची गरज नाही, मूळ फाइलच तशी आहे. ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेल्या जुन्या नाट्यपदांत वरचे सूर मुळातच फार थोडे असतात. कमी दर्जाच्या एमपी३ मध्ये, म्हणजे १२८ केबीपीएसच्या आसपास, साधारण १६,००० हर्ट्झच्या वरचा भाग सहसा कापलेला असतो. मीडियम वेव्ह रेडिओवर एका केंद्राला मिळणारा पट्टाच इतका अरुंद असतो की साडेचार-पाच हजार हर्ट्झच्या पलीकडचं फारसं काही पोचत नाही. एफएमवर तेच १५,००० पर्यंत जातं. त्यामुळे मीडियम वेव्हवरच्या भावगीतावरून स्पीकरची परीक्षा करू नये.

इथेच कानांबद्दलही सांगतो. वय वाढतं तसे वरचे सूर आपल्याला कमी ऐकू येतात, आणि कानात मळ साठला असेल तर सगळंच दबतं. घरातल्या दुसऱ्या कोणाला, शक्यतो लहान मुलाला, शेजारी बसवा आणि टाळ ऐकू येतात का विचारा. मूल "येतात की" म्हणालं आणि तुम्हाला येत नसतील, तर आधी कानाच्या डॉक्टरांना भेटा. यात कमीपणा काहीच नाही.

दुसरं काम: बटणं, सेटिंग आणि आच्छादनं

स्पीकरवर काय घातलंय ते बघा. नव्या स्पीकरवरचं प्लॅस्टिक धूळ बसू नये म्हणून वर्षानुवर्षं तसंच ठेवलेलं मी कितीतरी घरांत पाहिलंय. क्रोशाचा रुमाल वरून सोडलेला असतो तो छान दिसतो, पण त्याची झालर ट्विटरसमोर लोंबत असेल तर तेवढी बाजूला करा. पुढची जाळी काढून तिच्या कापडावर बोट फिरवा. धुळीचा जाड थर बसला असेल तर मऊ ब्रशने झाडा. जाळी काढून ऐका, लावून ऐका. फरक जाणवला तर काम तिथेच झालं.

मग ॲम्प्लिफायरकडे या. ट्रेबल (वरचे सूर) आणि बास (खर्ज) यांची बटणं मधोमध आणा. जुन्या ॲम्प्लिफायरवर 'हाय फिल्टर' किंवा 'हाय कट' नावाचं छोटं बटण असतं. घासलेल्या तबकड्यांची खरखर कापण्यासाठी ते दिलेलं असतं आणि ते आत दाबलेलं राहिलं तर सगळ्याच गाण्यांची चमक जाते. नव्या रिसीव्हरवर 'नाइट मोड'सारखे आवाजाचे खेळ असतात, ते सगळे बंद करून साध्या स्टिरिओवर या. टीव्हीतून आवाज घेत असाल तर टीव्हीच्या सेटिंगमध्येही डोकवा.

'लाउडनेस' नावाचं बटण मात्र समजून वापरण्यासारखं आहे. आवाज लहान ठेवला की आपल्या कानाला खालचे आणि वरचे सूर मधल्या सुरांपेक्षा जास्त कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या दोघा शास्त्रज्ञांनी हे मोजून १९३३ मध्ये मांडलं. रात्री घरातले झोपल्यावर हळू आवाजात गाणी दबलेली वाटतात त्याचं कारण हेच. तेव्हा लाउडनेस चालू करायला हरकत नाही. तपासणी मात्र दिवसा, बोलण्याच्या आवाजापेक्षा थोडा मोठा आवाज ठेवून करा.

फोनवरून वाजवत असाल तर फोनमधला इक्वलायझर बंद करा आणि गाण्याच्या ॲपमध्ये डेटा वाचवण्याचा पर्याय चालू राहिलाय का ते पाहा. ब्लूटूथचा आणखी एक घोटाळा नवख्या माणसाला हमखास चकवतो. लॅपटॉपला माइक असलेला ब्लूटूथ स्पीकर जोडला आणि एखाद्या मीटिंगच्या ॲपने तो माइक धरून ठेवला, की स्पीकर टेलिफोनच्या पद्धतीत जातो आणि गाणं फोनवर ऐकल्यासारखं येतं. काही लॅपटॉपवर आवाजाच्या यादीत त्याच स्पीकरची दोन नावं दिसतात; त्यातलं 'हँड्स-फ्री' लिहिलेलं सोडून दुसरं निवडा. शंका राहिलीच तर फोन साध्या वायरने जोडा. वायरने चमक आली तर स्पीकर निर्दोष आहेत.

तिसरं काम: एकच स्पीकर दबलाय की दोन्ही?

सगळ्या तपासणीचा कणा हा आहे, इथे घाई करू नका. दोन्ही बाजूंना सारखाच आवाज येईल असं काहीतरी लावा. बातम्या वाचणाऱ्याचा आवाज चांगला. बॅलन्सचं बटण पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे. बटण नसेल तर एका स्पीकरची वायर काढून दुसरा ऐका, पण वायर काढण्या-लावण्याआधी ॲम्प्लिफायर प्रत्येक वेळी बंद करायचा. चालू ॲम्प्लिफायरला वायरची दोन टोकं एकमेकांना टेकली तर आतलं आउटपुट उडू शकतं.

दोन्हीकडून सारखाच दबलेला आवाज येत असेल तर बहुधा बटणं, सेटिंग, फाइल किंवा जागा यांचाच हात असतो, कारण दोन ट्विटर एकाच दिवशी जाणं विरळा. एकच बाजू दबलेली असेल तर दोष त्या बाजूच्या साखळीत कुठेतरी आहे, आणि तो अदलाबदल करून पकडता येतो.

ॲम्प्लिफायर बंद करा. त्याच्या मागे डाव्या स्पीकरची वायर उजव्या जागी आणि उजव्याची डाव्या जागी लावा. चालू करा, ऐका. दोष त्याच बॉक्सबरोबर राहिला तर तो बॉक्समध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये आहे. दोष दुसऱ्या बॉक्सकडे गेला तर तो ॲम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्याही आधी आहे. दुसऱ्या प्रकारात वायरी पुन्हा जागेवर लावा आणि आता सीडी प्लेयरकडून येणाऱ्या लाल-पांढऱ्या पिना एकमेकींच्या जागी घाला. दोषाने बाजू बदलली तर प्लेयर किंवा ती केबल, नाही बदलली तर ॲम्प्लिफायर. अशा चार-पाच मिनिटांत दोष एका खोक्यापुरता उरतो.

दोष ॲम्प्लिफायरचा निघाला तर घरी एवढंच करा: बंद स्थितीत व्हॉल्यूम, बॅलन्स आणि ट्रेबलची बटणं या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा. आत साठलेला मळ सुटतो आणि कधीकधी तेवढ्याने एक बाजू जागी होते. झाकण मात्र उघडू नका. आत २३० व्होल्टची लाइन येते, आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, वीज शिल्लक राहू शकते. स्पीकरच्या आतच ॲम्प्लिफायर आणि थेट प्लग असलेल्या सिस्टीमलाही हेच लागू.

वायर आणि टर्मिनल

आता माझ्या उजव्या स्पीकरची गोष्ट. अदलाबदल केली, दोष त्याच बॉक्सपाशी राहिला. मनात मी नव्या ट्विटरचा हिशेब सुरू केला होता. बॉक्स फिरवला तर मागे दोनाऐवजी चार टर्मिनल (वायर लावायच्या जागा): वरची जोडी ट्विटरची, खालची वूफरची, आणि दोन्ही जोड्यांना जोडणाऱ्या दोन पितळी पट्ट्या. वायर खालच्या जोडीला लावलेली होती. म्हणजे ट्विटरकडे जाणारा सगळा आवाज त्या पट्ट्यांतून जाणार. वरच्या लाल टर्मिनलचा आटा सैल झाला होता, पट्टी नुसती अडकून राहिलेली, आणि तिच्या टोकावर पावसाळ्याच्या दमट हवेने धरलेला हिरवट थर. पट्टी काढली, बारीक पॉलिश पेपरने दोन्ही टोकं पिवळीधमक होईपर्यंत घासली, आटा बोटांनी घट्ट पिळला. टाळ आले. खर्च शून्य. बहीण तोवर तिच्या घरी परतली होती, तिला फोन लावून स्पीकरसमोर धरला.

म्हणून बॉक्स उघडायच्या आधी मागची बाजू नीट पाहा. चार टर्मिनल असतील तर पट्ट्या जागेवर आहेत ना? वायरचं टोक काळं पडलं असेल तर अर्धा इंच कापून नवं चकचकीत तांबं काढा, पीळ देऊन घट्ट बसवा. मुंबईत, कोकणात, गोव्यात दर पावसाळ्यानंतर हे एकदा करून टाकावं. वायर फार बारीक नको; घरातल्या नेहमीच्या अंतराला दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची साधी दुपदरी वायर पुरते. महागड्या केबलवर पैसे घालवून दबलेला आवाज उघडत नाही, हे माझं ठाम मत आहे.

काही जुन्या बॉक्सवर मागे किंवा जाळीखाली ट्विटरचा आवाज कमी-जास्त करण्याचं बटण असतं. त्याच्या आत गंज धरतो. तेही बंद स्थितीत पंचवीसेक वेळा फिरवा, मग मध्यावर आणून ऐका.

स्पीकर ठेवलेत कुठे?

दोन्ही स्पीकर सारखेच दबलेले वाटत असतील तर इथे थांबा, घाई करू नका. वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे समोर जातात, बाजूला फारसे वळत नाहीत. खालचे सूर मात्र सगळीकडे पसरतात. म्हणून ट्विटर कानाच्या उंचीवर हवा आणि तुमच्याकडे बघत असावा. सोफ्यावर बसणाऱ्याचा कान जमिनीपासून साधारण तीन-साडेतीन फुटांवर असतो. गादीवर मांडी घालून ऐकणाऱ्याचा त्याहून बराच खाली. आपल्याकडे स्पीकर कपाटावर, माळ्यावर नाहीतर टीव्हीच्या खालच्या खणात जातात. वरून झोत डोक्यावरून निघून जातो, खालून गुडघ्यांवर आदळतो. जागा बदलणं शक्य नसेल तर बॉक्सच्या मागच्या किंवा पुढच्या कडेखाली लाकडाची पाचर किंवा दुमडलेलं रबर ठेवून त्याचं तोंड कानाकडे वळवा. एवढ्याने पडणारा फरक ऐकून माणसं चकित होतात.

दुसरं म्हणजे कोपरा. भिंतीजवळ, विशेषतः दोन भिंतींच्या कोपऱ्यात, खर्ज फुगतो आणि त्याच्या ओझ्याखाली वरचे सूर झाकले जातात. बॉक्स भिंतीपासून निदान वीतभर पुढे ओढा. शोकेसच्या खणात खोल ढकललेला असेल तर कडेपर्यंत पुढे आणा, त्याच्यासमोरच्या मूर्ती आणि फोटो बाजूला करा. जाड पडद्यामागे स्पीकर नको. उलट फरशी उघडी आणि भिंती मोकळ्या असतील तर आवाज दबत नाही, घुमतो. तिथे मध्ये एक सतरंजी अंथरली की शब्द सुटे होतात.

ट्विटरला कान लावा

दोष एका बॉक्सपुरता आला, मागची जोडणी ठीक आहे, तरी चमक नाही. मग वर्तमानपत्राची घट्ट सुरळी करा. आवाज अगदी लहान ठेवा, सुरळीचं एक टोक ट्विटरसमोर धरा, स्पर्श न करता, आणि दुसरं टोक कानाला लावा. चालू ट्विटरमधून बारीक, खरीखुरी सळसळ येते: अक्षरांची टोकं, टाळांचे कण. सुरळी वूफरसमोर नेली की आवाज जाड होतो. चांगल्या बॉक्सवर आधी ऐका, म्हणजे काय ऐकायचं ते कळेल. दबलेल्या बॉक्सच्या ट्विटरसमोर शांतता असेल तर तो वाजत नाही. क्षीण सळसळ असेल तर तो जिवंत आहे, पण त्याच्यापर्यंत पुरतं काही पोचत नाही किंवा तो आतून आखडलाय.

ट्विटर जातात कशाने? घरात बहुधा वाढदिवसाला किंवा गणपतीत. लहान ॲम्प्लिफायर शेवटच्या टोकापर्यंत पिळला की त्याच्या लहरींची डोकी सपाट होतात, त्यातून नको तितके वरचे सूर तयार होतात आणि ते सगळे ट्विटरच्या केसाएवढ्या बारीक तारेवर येऊन पडतात. ती जळते. वूफर मजेत चालू राहतो, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही. दुसरं कारण लहान मुलांचं बोट: ट्विटरचा घुमट, म्हणजे समोरचा फुगीर पडदा, आत दाबला गेलेला दिसेल. कापडी घुमट असेल तर चिकटपट्टी हलकेच लावून ओढून बाहेर काढता येतो. धातूचा असेल तर तो प्रयोग करू नका, चिरतो.

बॉक्स उघडायचा तर

साधा, प्लग नसलेला बॉक्स उघडण्यात धोका नाही, वायर काढलेली असली म्हणजे झालं. ट्विटरचे स्क्रू काढा, तो अलगद बाहेर घ्या आणि वायरींचे रंग कुठे होते त्याचा आधी फोटो काढा. स्क्रूड्रायव्हर घट्ट धरा, चुंबक तो खेचून घेतो आणि घुमटाला भोक पडतं.

इथे दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर (वीज मोजायचं यंत्र) असेल तर बरं. पुष्कळ जण मीटर बॉक्सच्या मागच्या टर्मिनलला लावतात, आकडा येतो आणि "ट्विटर ठीक आहे" म्हणतात. तो आकडा वूफरचा असतो. ट्विटरच्या वाटेत कंडेन्सर बसलेला असतो आणि तो मीटरची डीसी वीज अडवतो. म्हणून ट्विटरची एक वायर सुटी करून थेट त्याच्या दोन पिनांवर मोजायचं. ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप; ८ ओहमचा ट्विटर साधारण ५ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते ४. आकडा आलाच नाही तर तार तुटली. मीटर नसेल तर दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलची दोन टोकं पिनांना क्षणभर टेकवा: बारीक 'टक्' आला तर जिवंत.

ट्विटर चांगला निघाला तर संशय कंडेन्सरवर. दुकानदार कंडेन्सरच म्हणतात, पुस्तकात कपॅसिटर. वीस-तीस वर्षांत इलेक्ट्रोलिटिक प्रकारचा कंडेन्सर आतून सुकतो आणि ट्विटरकडे जाणारा आवाज मंदावतो. हे दोन्ही बॉक्समध्ये बरोबरच होऊ शकतं, म्हणून जुन्या जोडीत दोन्हीकडून दबलेला आवाज असेल आणि सेटिंग, जागा सगळं तपासून झालं असेल तर कंडेन्सरच बघावेत. त्यावर लिहिलेला मायक्रोफॅरडचा आकडा तोच ठेवायचा. गल्लीत बनवून घेतलेल्या साध्या बॉक्समध्ये ट्विटरच्या वाटेत नुसता एकच कंडेन्सर असतो, तिथे तर हा आकडाच सगळं ठरवतो: ८ ओहमच्या ट्विटरला ४.७ मायक्रोफॅरड लावला तर तो साधारण ४,२०० हर्ट्झपासून वर वाजतो, २.२ लावला तर थेट ९,००० पासून. मधला सगळा भाग पडला की दबलेपण आलंच. व्होल्टेज आधीच्याइतकं किंवा जास्त चालतं. प्रकार नॉन-पोलर, म्हणजे प्लस-मायनस नसलेला, हवा, किंवा पॉलिप्रॉपिलीनचा. एका बाजूला मायनसची पट्टी असलेला नेहमीचा कंडेन्सर इथे चालत नाही. आणि नेहमी दोन्ही बॉक्सचे एकदम बदलायचे, नाहीतर डावं-उजवं जुळत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या परिसरात हे भाग मिळण्याची शक्यता चांगली. जुना काढून बरोबर न्या.

वूफरच्या कडेची फोमची रिंग बोटाला भुग्यासारखी लागत असेल तर ती कुजली आहे. दहा-पंधरा वर्षांत, दमट हवेत त्याहून लवकर, हे होतं. त्याने आवाज फाटतो आणि खर्ज जातो, चमक नाही. ती बदलून मिळते, पण तो वेगळा विषय.

कॅसेट आणि तबकड्या

घरी अजून कॅसेट डेक असेल आणि फक्त त्यावरच आवाज दबत असेल तर स्पीकर सोडून द्या. आधी डेकवरचं 'डॉल्बी' बटण बघा; इथे डॉल्बी म्हणजे टेपची सरसर कमी करणारी सोय. डॉल्बीशिवाय भरलेली कॅसेट डॉल्बी चालू ठेवून वाजवली की वरचे सूर नको तेवढे कापले जातात. मग कापूस काडीला गुंडाळून आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणारा भाग, पुसा. तपकिरी डाग कापसावर आला तर तोच तुमच्या आवाजावर बसला होता. तरीही दबलेला असेल तर हेड तिरकं झालंय. हेडच्या शेजारचा छोटा स्क्रू गाणं चालू ठेवून अगदी केसभर इकडे-तिकडे फिरवतात आणि चमक सगळ्यात जास्त येते तिथे सोडतात. पहिल्यांदा हे जाणत्याकडून करून घ्या.

तबकड्यांच्या बाबतीत सुई घासलेली असते, किंवा टर्नटेबलच्या मागचं प्रीॲम्पचं बटण (ते तबकडीचा आवाज वाढवून दुरुस्त करतं) चालू ठेवून वायर ॲम्प्लिफायरच्या 'फोनो'मध्येच, म्हणजे तीच दुरुस्ती करणाऱ्या जागी, घातलेली असते. मग एकच दुरुस्ती दोनदा होते आणि आवाज खर्जाने फुगून जातो. दोन्हींपैकी एकच ठेवा.

मेकॅनिककडे नेताना

"आवाज बरोबर येत नाही" असं सांगू नका. "उजवा बॉक्स, अदलाबदल केली तरी दोष त्याच्यातच राहतो, ट्विटर मीटरवर सहा ओहम दाखवतो, कंडेन्सर ४.७ चा आहे" असं कागदावर लिहून द्या. त्याचा वेळ वाचतो आणि नको ते भाग बदलले जात नाहीत. ट्विटर बदलायचा असेल तर त्याच मॉडेलचा, तेवढ्याच ओहमचा. मिळत नसेल तर दोन्ही बॉक्सना एकसारखी नवी जोडी. काढलेले जुने भाग परत मागून घ्या. घरी आणल्यावर जाळी लावण्याआधी तेच ठरवलेलं गाणं त्याच आवाजावर लावा, बॅलन्स पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे. टाळ दोन्हीकडून सारखे आले पाहिजेत. आले नाहीत तर त्याच आठवड्यात परत न्या.